देवानं दोघांनाही हो म्हटलं

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या फळ्यावर आज माझंच रडगाणं लावते आहे. खाली जागा सोडली आहे, उत्तरं लिहा.

आमच्या स्वयंपाकघराची चिऱ्यांची भिंत चुलीकडे कलली आहे. फटीत आता माझी पळी दांड्यापर्यंत जाते. ह्यांचा मुंबईहून निरोप, की आधी इंजिनेरकडून नकाशा काढून घ्या, मगच भिंतीला हात लावा. मामंजी म्हणतात, "नकाशा कसला? ज्यानं घर बांधलं त्याचाच मुलगा मेस्त्री आहे, तो करील." ह्या ओढाताणीत चैत्र संपला.

शेवटी आज सकाळी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

"इंजिनेर बोलवावा का?" उजवं पडलं.

"देवानं हो म्हटलंन, तात्या," गुरव मामंजींना म्हणाला.

मामंजींचा चेहरा उतरला. "आता मेस्त्रीचं विचार."

पुन्हा उजवंच!

मामंजी खूश. "देवाला दोघेही चालतात. मग घाई कसली? पावसाळा सरू दे, बघू."

पावसाळा! अगं, त्या भिंतीखाली दोन्ही वेळा मी बसते.

मला देवाला एकच विचारायचं होतं, भिंत तोवर उभी राहील का? ओठांपर्यंत आलं आणि गिळलं. डावं फूल पडलं असतं, तरी रात्रीचा भात त्याच चुलीवर शिजवायचा होता.

खरं सांगा, तुम्ही विचारलं असतंत?