ग्लेनच्या टेपवरची बाई

डल्सी टूमीच्या घरात दार आपटलेलं कुणी कधी ऐकलं नाही. तिचा नवरा क्लॅरी तांब्याच्या भट्टीवर कामाला होता आणि रात्रपाळी त्याच्या पाचवीला पुजलेली. सकाळी तो घरी येई, ताटभर अंडी आणि सॉसेज खाई आणि दुपार कलेपर्यंत झोपे. ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझात अशी घरं गल्लोगल्ली होती. दिवसाचा उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना आतून चंदेरी कागद चिकटवलेला, फाटकावर ‘कामगार झोपला आहे’ अशी पाटी, आणि आत बायकापोरं मांजराच्या पावलांनी वावरत. खाणीच्या गावात फार आवाज असेल असं बाहेरच्यांना वाटतं. आवाज सगळा खाणीत असतो. घरात चमचा खाली ठेवायचा तोही पंचावर.

डल्सी या बाबतीत कडक होती, आणि तिच्या कडकपणाला कारण होतं. शेजारचा एक माणूस अर्धवट झोपेत पाळीवर गेला होता, तो दोन्ही हात भाजून परत आला. तेव्हापासून नवऱ्याची झोप सांभाळणं म्हणजे नवरा सांभाळणं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. किटली शिट्टी मारायच्या आत ती उतरवी. पाद्री भेटायला आला तर त्यालाही अंगणातच उभं करून हळू बोलायला लावी. गावात तिला काही जणी ‘गप्पबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

अशा घरात ग्लेन जन्माला आला. एकुलता एक, बापासारखा लांबोडका, आईसारखा हट्टी. त्याला गिटारचं वेड लागलं. तेही साधं नाही.

आमच्या गावात तेव्हा गाणं म्हणजे घोडा, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको. क्लबात तेच, रेडिओवर तेच, उधळत्या घोड्याबैलांवर बसायच्या रोडिओच्या मैदानावर तेच. सिडनीहून वर्षभराच्या कामावर आलेला एक वायरमन जाताना एकट्या कामगारांच्या बराकीत काही तबकड्या टाकून गेला. त्या पेक्का लायटिनेनच्या बापानं उचलून घरी आणल्या. पेक्का फिनलंडहून आलेल्या घरातला, ग्लेनच्याच वर्गातला, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. त्या तबकड्यांत पंक होतं, कानठळ्या बसवणारं, भरधाव. कुणाच्या तरी मोटारीच्या शेडमध्ये बडवून काढलेलं, धड सुरात नसलेलं गॅरेज रॉक होतं. पोरांनी ते आणून ग्लेनच्या खोलीत लावलं. अर्थात आवाज अगदी बारीक करून, दोघं दोन बाजूंनी स्पीकरला कान लावून. पंक कुजबुजत ऐकणारी ही बहुधा जगातली पहिलीच पोरं असावीत.

पण वय वाढलं तसा आवाजही वाढला. मग रोजचा झगडा सुरू झाला. डल्सी दार उघडून ओरडे, ग्लेन आवाज कमी करी, आणि घटकाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. क्लॅरी मात्र पोराला कधी काही बोलला नाही. रागवायचं खातं डल्सीकडे होतं.

ग्लेन विशीत असताना पेक्काबरोबर टाउन्सव्हिलला वाजवायला निघाला. पहिल्यांदाच कुणी परक्या गावानं बोलावलं होतं. गाडीत गिटार ठेवताना धक्का लागून कचऱ्याच्या डब्याचं झाकण घरंगळलं, क्लॅरी जागा झाला, आणि डल्सीचं डोकं फिरलं. ती फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, “जा. आणि येताना तो गोंगाट तिकडेच सोडून ये.”

ग्लेननं गाडी सुरू केली.

परत येताना क्लॉनकरीच्या अलीकडे पहाटे गाडीसमोर कांगारू आलं. गाडी ग्लेन चालवत होता. पेक्का मागच्या सीटवर झोपला होता, तो खरचटण्यावर वाचला. ग्लेन वाचला नाही.

अंत्यविधी झाल्यावर डल्सीनं गिटार, तबकड्या, टेपा, सगळं बाहेर व्हरांड्यात काढलं. पेक्काला म्हणाली, “हे तुझं. घेऊन जा. पुन्हा या घराकडे फिरकू नकोस.” पेक्कानं खोकी उचलली आणि तो गेला. त्यानंतर आमच्या एवढ्याशा गावात ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. दुकानात तो दिसला की डल्सी ढकलगाडी वळवी, रस्त्यात दिसला की पलीकडे जाई. लोकांना वाटे, तिचा पेक्कावर राग आहे. तसा तो होताही. पण राग असला की माणसाला एक बरं असतं, दुसरं काही विचारावं लागत नाही. डल्सीला पेक्काला एकच गोष्ट विचारायची होती. जाताना ग्लेनच्या मनात माझ्याविषयी काय होतं? वाटेत काही बोलला का? तो माझ्यावर रागावून गेला का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढं जगायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं, म्हणून तिनं आयुष्यभर रस्ता बदलला.

क्लॅरीही गेला. भट्टीनं नाही, म्हातारपणानं. डल्सीनं खिडक्यांवरचे कागद काढले नाहीत. दारं ती तशीच हळू लावत राहिली.

रेलीन औषधांच्या दुकानात कामाला. म्हाताऱ्यांच्या गोळ्या घरपोच देणं हेही तिच्याकडेच. पन्नाशीची, भारी बोलकी, आणि मनगटावर विटका गोंदलेला विंचू. एके दिवशी गोळ्यांचं पुडकं देताना ती दारातच घुटमळली.

“मिसेस टूमी, एक विचारू? रागावणार नाही ना? ग्लेन टूमी तुमचा कोण?”

“मुलगा,” डल्सी म्हणाली. हा शब्द मोठ्यानं म्हणून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

रेलीननं पुडकं तिच्या हातात कोंबलं. “अहो, मग तुम्ही यायलाच हवं. रविवारी दुपारी बोलिंग क्लबात आम्ही सगळी जुनी पंकवाली जमतोय. ज्यानं त्यानं सांगायचं, हे वेड कुठून लागलं. आणि खरं सांगू का, आमच्यातल्या निम्म्यांची गोष्ट तुमच्या ग्लेनच्या टेपपासूनच सुरू होते. तिच्या नकला हातोहात कुठं कुठं गेल्यात.”

“कसली टेप?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

डल्सीनं दार लावून घेतलं. पण रविवारी तिनं निळा झगा इस्त्री केला.

क्लबात माणसं बरीच होती. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, काळे बनियन घट्ट झालेली. कुणाच्या पांढऱ्या केसांची शेंडी, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. रेलीननं डल्सीला कडेच्या खुर्चीवर बसवलं, चहा आणि लॅमिंग्टन केकचा तुकडा हातात दिला आणि कुणालाच काही सांगितलं नाही, कारण डल्सीनं तशी अटच घातली होती. समोर बारचं एक उंच स्टूल ठेवलं होतं. ज्याची पाळी येईल त्यानं त्यावर बसायचं.

पहिला उठला तो खाणीतला सुरुंगवाला, नील नावाचा. “मी जुनी गाडी घेतली,” तो म्हणाला. “टेपच्या खाचेत एक कॅसेट अडकलेली. निघता निघेना. मग काय करता, तीच ऐकत कामावर जायचो. पहिल्या आठवड्यात वैताग. दुसऱ्या आठवड्यात मी गाडीतून उतरेना. बायको म्हणाली, एवढं काय आहे रे त्या गाडीत?”

“बायको अजून तेच म्हणते,” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

मग उत्तरेकडच्या गुरांच्या फार्मवरची एक बाई बसली. तिला ही टेप वसतिगृहात मिळाली होती. उशीखाली घालून ऐकायची. “आमच्याकडे सगळं मोकळं रान,” ती म्हणाली, “ओरडलं तरी ऐकायला कुणी नाही. आणि या टेपवर तर कुणीतरी ओरडल्याबद्दल बोलणी खात होतं. मला हेवा वाटला बघा.”

“तिसऱ्या गाण्यात,” नील म्हणाला.

“तिसऱ्याच,” ती म्हणाली. “गाणं रंगात आलेलं असतं, आणि दार उघडतं, आणि ती बाई...”

आणि मग सगळा हॉल एका सुरात म्हणाला. पाठ असलेलं, ठेक्यात, मजेत. “ग्लेन, बाप झोपलाय तुझा! लाजलज्जा आहे की नाही काही?”

हसण्याचा एकच लोट उठला. डल्सीनं कप शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

तिचे शब्द होते ते. जसेच्या तसे. तिनं ते किती वेळा उच्चारले असतील याला गणती नव्हती, पण ते कुठं साठून राहिले असतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खेड्यापाड्यांत, गाड्यांत, उशांखाली, कुणाकुणाच्या पोरांनी तिच्या पोराला तिनं झापलेलं ऐकलं होतं. त्याची गिटार राहिली नाही, त्याचं हसणं राहिलं नाही. राहिलं ते तिचं हे. आई म्हणून जगात उरलं ते एवढंच. शरमेनं तिनं उरलेला केक कपाशेजारी ठेवून दिला. तिनं पर्स उचलली आणि ती उठली.

तेवढ्यात स्टुलावर पेक्का बसला.

तो आता वाकला होता. चष्मा आला होता. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि उभ्या असलेल्या डल्सीवर ती थांबली. डल्सीला नेहमीसारखा रस्ता बदलता येईना. दारापर्यंत जायचं तर त्याच्या समोरूनच जावं लागणार होतं.

“मी ही गोष्ट आजवर इथं सांगितलेली नाही,” पेक्का हळू म्हणाला. “ती टेप आम्ही कशी केली ते. आमच्याकडे जोडायची वायर नव्हती. म्हणून रेकॉर्ड प्लेअर टेबलावर, आणि समोर खुर्चीत टेपरेकॉर्डर ठेवला. खोलीत जे वाजेल ते सगळं आत जायचं. तिसऱ्या गाण्याला त्याची आई आली. टेप ऐकल्यावर मी ग्लेनला म्हटलं, लेका, हे गाणं फुकट गेलं, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, अजिबात नाही.”

“का पण?” नीलनं विचारलं.

“मीही तेच विचारलं. तो म्हणाला, नीट ऐक, दार कधी लागतं ते. मी पुन्हा ऐकलं. ती ओरडते, तिथं दार लागतच नाही. गाणं पुढं चालू राहतं. सगळं कडवं, मग ते लांबलचक गिटार, मग शेवट. तबकडी नुसती खरखरते. आणि मग दार लागतं. अगदी हळू. तुम्हा सगळ्यांना तो ‘टक्’ ऐकू आला असेल, तुम्हाला वाटलं असेल मशीनचा आवाज आहे.”

नील खुर्ची पुढं ओढून बसला.

“ग्लेन म्हणाला, आई ओरडली ते कुणालाही ऐकू येईल. पण ती थांबली. या गावात आपल्या दोघांशिवाय हे गाणं शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिली. ते मी पुसू देणार नाही.” पेक्कानं चष्मा काढून पुसला. “आम्ही टाउन्सव्हिलहून परत येत होतो तेव्हाही, मिसेस टूमी, मी झोपायच्या आधी त्यानं हीच टेप लावली होती. तुमचा आवाज आला की तो दर वेळी म्हणायचा, आली बघ. मला हे तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं. तुम्ही पलीकडे जायचात. मग माझंही धाडस होईना.”

सगळ्यांच्या माना वळल्या. रेलीननं तोंडावर हात ठेवला.

 डल्सीनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती पुढं गेली. पेक्का स्टुलावरून उतरला. स्टूल तिच्यासाठी उंच होतं, नीलनं एक खोकं आणून पायाशी ठेवलं. ती बसली. समोर पिकल्या केसांची ही सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. इथं बसणाऱ्यानं काय सांगायचं ते तिला आता ठाऊक होतं.

“मी पहिल्यांदा ऐकलं,” ती म्हणाली, “ते माझ्या मुलाच्या दारात. आत तो होता, आणि हा पेक्का. माझ्या कडेवर वाळलेल्या कपड्यांची टोपली होती. मी ओरडले. मग तिथंच उभी राहिले.” तिचा आवाज मुळातच हळू, लोक पुढं वाकून ऐकत होते. “तो माझ्याकडे बघत नव्हता. डोळे मिटलेले, मान हलतेय, आणि तोंडावर असं काही, की मी त्याला जन्म दिला पण हे तोंड मी कधी बघितलं नव्हतं. मला जाववेना. क्लॅरी जागा होईल म्हणून कान सगळा त्याच्या खोलीकडे होता, आणि तरी मला जाववेना.”

“तुम्हाला गाणं आवडलं होतं का?” फार्मवरच्या बाईनं विचारलं.

डल्सीनं खरंच आठवून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “गाणं मला मुळीच आवडलं नाही. तो आवडला. फार आवडला. तेवढं त्याला सांगायचं राहिलं.”

इतरांच्या गोष्टी संपल्या तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. हिच्या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. पेक्का पुढं झाला आणि उतरायला आधार म्हणून त्यानं हात दिला, आणि डल्सीनं तो धरला.