पहिल्या खांबाच्या खालच्या अंगाला

मासे धरायला मी शिकलो तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही हौस म्हणून नाही. बायकोचं केमोचं तिसरं सलाईन झालं होतं आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. भात समोर आला की ती पदर नाकाला लावायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर चौथं सलाईन देता येणार नाही. दवाखान्यातून आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १०च्या क्वार्टरवर आलो. दारात चपला काढता काढता ती म्हणाली, "नदीचा टेंगडा भेटला असता त खाल्ला असता मी दोन घास."

टेंगडा म्हणजे मिशांचा, पाठीवर टोकदार काटा असलेला वीतभर मासा. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, त्यामुळे लहानपणापासून तिच्या जिभेवर तीच चव. मी लगेच कॅम्प-१च्या बाजारातून अर्धा किलो आणला आणि मोठ्या उमेदीनं शिजवला. तिनं वास घेतला आणि ताट सरकवलं. "बर्फाचा वास येऊन राहिला जी."

मी तापट माणूस. एरवी कुणी ताट सरकवलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र तिच्या बांगड्यांकडे नजर गेली. त्या मनगट सोडून कोपराकडे घसरायला लागल्या होत्या. मी ते ताट उचलून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूची काठी, दोरी, गळ आणि डबाभर गांडुळं घेऊन स्कूटरवर शिवनाथ नदी गाठली.

आता उभं कुठं राहायचं? एकतीस वर्षं मी प्लांटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली. छताला लागून असलेल्या केबिनमध्ये बसायचं आणि खालचं जग वरून पाहायचं, हीच सवय. म्हणून कुणाला काही न विचारता मी सरळ जुन्या पुलाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. दिवाळी होऊन गेली होती, पाणी निवळलं होतं, वरून मासे चक्क फिरताना दिसायचे. मला वाटलं, दिसतायत म्हणजे मिळणारच.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एक टेंगडा गळाला लागला. मी त्याला उचलला तो अगदी क्रेनच्या हातानं, सरळ उभा, सावकाश, झटका न देता. कठड्याशी आला आणि अंगाला एक हिसडा देऊन परत पाण्यात. वितळलेल्या लोखंडाची भरलेली भांडी मी कधी हिंदकळू दिली नव्हती, आणि हे एवढंसं पोर मला जुमानेना. रिकामी पिशवी घेऊन घरी गेलो की ती आधी पिशवीकडे पाहायची, मग माझ्याकडे. अर्धा कप चहा घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

पुलाखाली काठावर एक म्हातारा रोज बसलेला असायचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. जाताना त्याच्या पिशवीतून शेपट्या डोकावत असायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यानं खालून हाक मारली होती, "ओ भाऊ, वरून नाई भेटत!" मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मला नवशिका समजतो काय, असं वाटलं. त्याच्याकडे दोन मासे मागावेत हे तर मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी मी मागितले नसते. पडलो तरी नाक वर. माझ्या या नाकापायी ती आणखी दोन दिवस उपाशी राहिली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी पुन्हा एक मासा कठड्यापर्यंत आला आणि गेला. तेवढ्यात पुलावरून ट्रक धडधडत निघाला, त्यात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मी खाली पाहिलं. म्हातारा उभा राहिला होता. त्यानं एक हात लांब केला, बोट जमिनीकडे केलं आणि गोल गोल फिरवायला लागला.

क्रेनवाल्यासाठी त्या खुणेचा एकच अर्थ: खाली घे. केबिनमधून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं, पण वजन नेमकं कुठं टेकणार ते खालच्या माणसालाच दिसतं. म्हणून त्याच्या हाताचा हुकूम मोडायचा नाही, साहेब आला तरी नाही. एकतीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. मी काठी गुंडाळली आणि मुकाट्यानं खाली उतरलो.

तो गोंदियाकडचा निघाला. रेल्वेच्या पूल दुरुस्तीच्या गँगमध्ये जन्म गेलेला. त्यांच्याकडेही गर्डर क्रेननंच चढायचे, म्हणून खूण ठाऊक. मी क्रेनवाला हे कसं ओळखलं, विचारलं तर हसला. "मच्छी कशी उचलून राहिले होते तुमी! इतका सीधा हात दुसऱ्या कोनाचा नसते."

मग त्यानं मला पहिल्या खांबाजवळ नेलं. "नवीन मानसानं मधात कदी जाऊ नाई. काठावरचा पहिला खांब धराचा, अन् पानी जिकडं जाते त्या बाजूले बसाचं. आमी दर साली खांबाच्या बुडाले दगडं टाकत होतो. कावून? पानी खांबाले धडकते अन् बुडाशी खड्डा करते. खांबाच्या मांगं धार थांबते, मच्छी तिथं आराम कराले येते. दूर फेकू नका, खांबापासून एक हात सोडून टाका, नाई त दगडात गळ अडकते. अन् खाली बसा, सावली पान्यावर नका पाडू."

मी शेवाळलेल्या दगडावर पाय टाकणार तेवढ्यात त्यानं दंड धरून कोरड्या जागी बसवलं. त्यानं माझ्या दोरीला बांधून दिलेली मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली, थरथरली, बुडाली. मी सवयीनं वर उचलायला गेलो. "उचलू नका जी, आडवी आना!" मासा पाण्यातूनच सरकत सरकत काठाला आला. पहिला टेंगडा हातात धरला तेव्हा त्याचा काटा अंगठ्यात रुतला, आणि इतका आनंद मला पेन्शनच्या कागदावर सही करतानाही झाला नव्हता.

दोन मिळाले. मी उठलो तसं त्यानं विचारलं, "इतकी घाई कायची?" मी बायकोचं सांगितलं, खांबाकडे पाहत. मग त्यानं आपली पिशवी माझ्या पिशवीत उलटी केली. "हे पहिल्याच दिवशी सांगाचं होतं ना, भाऊ." आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी उपकार केले. या माणसाएवढा कुणाचा नाही.

त्या दुपारी मीच रांधलं. ती दाराला टेकून बसली आणि लसूण किती, टमाटे कधी, हे सांगत राहिली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात धरला. मी समोर बसून काटे काढत होतो आणि तिच्या गळ्याकडे पाहत होतो. घास खाली उतरला. मग दुसरा. मग तिनं ताटातला भात स्वतःच्या हातानं रश्श्यात कालवला. वाटी रिकामी करून तिनं बोटं चाटली आणि म्हणाली, "उद्या जासान ना जी?"

महिना झाला होता तिच्या तोंडून उद्याचं नाव निघून. मी हो म्हणालो आणि ताटं उचलून मोरीवर गेलो. दोनच ताटं होती, पण मी ती बराच वेळ घासत बसलो.