दिवाकरने राजीनामा दिला नव्हता

महिन्याभरापूर्वी दिवाकर धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारला. मला ते वर्तमानपत्रातून कळलं, आणि बातमीत खोटं होतं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला होता,’ असं आमच्याच महाविद्यालयाने छापून आणलं. तेव्हा त्याची प्रकृती ठणठणीत होती. ते वाक्य माझं आहे. सोळा वर्षांपूर्वी मीच ते लिहिलं.

आम्ही दोघे समाजशास्त्र शिकवायचो. दिवाकर उमरेडच्या विणकर घरातला, माझ्याहून सेवाज्येष्ठ. लग्नसराई संपली की तो मुलांना घरी आलेल्या लग्नपत्रिका आणून वर्गात वाचायला लावायचा. माथ्यावर कोणता देव, निमंत्रणात बायकांची नावं कुठे... त्यावर तासभर बोलायचा. ‘पोट्टे एका बाकावर बसतात गा, पण एकमेकाच्या मांडवात जात नाहीत,’ म्हणायचा.

त्याचा तास ऐकायला मी मागच्या बाकावर जाऊन बसत असे. त्या दिवशीही होतो. कुहीची एक बौद्ध मुलगी बहिणीची पत्रिका वाचत होती. वर बुद्धाचं चित्र, मुहूर्ताऐवजी नुसती सकाळची वेळ. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या म्हणाला, ‘बिनमुहूर्ताचं लगन टिकते का वं?’ वर्ग हसला. मुलगी म्हणाली, ‘मुहूर्तावर लगन झालेल्या बाया मग माहेरी काहून येऊन राहिल्या?’ दिवाकरने दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले आणि उत्तरं शोधून आणायला सांगितली. एवढंच घडलं.

तक्रार झाली, की दिवाकरने वर्गात धर्माची टिंगल केली, जातीचं भांडण लावलं. चौकशीत मला विचारलं. मी तिथे नव्हतोच, असं सांगितलं. मग अध्यक्षांनी राजीनाम्याचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला आणि दिवाकरला बजावलं, सही कर, नाहीतर त्या मुलीला काढतो. त्याने कागद वाचला. ‘अक्षर तुझं आहे गा,’ म्हणाला, आणि सही केली. पुढे कन्हानच्या शाळेत शिकवत राहिला. सेवाज्येष्ठतेने त्याला मिळणारं विभागप्रमुखपद मला दिलं.

शोकसभेत याच लोकांनी त्याला सर्वधर्मसमभावाचा पुजारी म्हटलं. मी बोलायला उठलो, तर प्राचार्यांनी हात धरून बसवलं. ‘सर, आता काहून उकरून राहिले? माणूस तर गेला.’ मी बसलो. पुन्हा एकदा बसलो, याचाच संताप आहे.

दुसऱ्या दिवशी विभागात गेलो. भिंतीवर विभागप्रमुखांची पाटी आहे, दिवाकरच्या जागी माझं नाव. शिपायाला म्हटलं, हे पूस. त्याने ओलं फडकं आणून दोनदा घासलं.

‘ऑइलपेंट आहे सर,’ तो म्हणाला. ‘नाही निघत.’