टोपडे सापडले, बाळ नाही

मार्गशीर्षातला गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. ठाण्यात हजर: मी, ठाणे अंमलदार, एक महिला शिपाई आणि गाडीचा चालक. पोलीस ठाण्यात असतानाच्या माझ्या डायरीतली ही ओळ निवृत्तीनंतरही मला पाठ आहे.

फोन आला, नाव न सांगता. हसनाबादहून जालन्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एक बाई बेशुद्ध पडली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांनी तिला लिंबाच्या सावलीत घेतले होते. डोक्याला मार, मुठीत तान्ह्या बाळाचे टोपडे. रुग्णवाहिकेत चढवताना ती एकच शब्द बोलली, "लेकरू."

मग शोध सुरू झाला. नाली पाहिली, मोरी पाहिली, कपाशीची एकेक ओळ पाहिली. बाळ नाही. एक ट्रॅक्टर घाईने निघून गेल्याचे बायांनी सांगितले. त्याचा चालक अर्ध्या तासात सापडला.

"लेकरू कुठंय?"

"आईशप्पथ साहेब, लेकरू देखलंच न्हाई. बाई रोडवर पडेल होती. म्या उचलून कडंला ठेवलं. फोन बी मीच केल्ता. मंग भ्यालो, लोकं मलाच धरतील."

"नक्की कुठे पडली होती?"

"त्या उंचवट्याच्या पलीकडं, जालन्याच्या बाजूला. बराबर दहा पावलं."

बनाव करणारा माणूस सहसा पावले मोजून सांगत नाही. मी पुन्हा जागेवर गेलो. तो उंचवटा म्हणजे गावकऱ्यांनी स्वतःच मुरूम टाकून केलेला गतिरोधक. पट्टे नाहीत, फलक नाही. ट्रॅक्टरला ओरखडा नव्हता, रस्त्यावर काच नव्हती, ब्रेकची खूण नव्हती. बाईला कोणी धडक दिलीच नव्हती. मुरुमात मोटारसायकलच्या चाकाची ताजी खूण होती; बाई तिच्या मागच्या सीटवरून फेकली गेली होती आणि चालवणारा पुढे निघून गेला होता.

बिनतारी संदेश दिला: मोटारसायकल, सोबत तान्हे बाळ, जालन्याची दिशा. उत्तर यायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढ्यात मी अंमलदाराला चार वेळा विचारले असेल.

बाईचा नवरा जुन्या जालन्यात आपल्या बहिणीच्या दारात थांबला, "उतर" म्हणाला, तेव्हा मागे कोणीच नव्हते. उलटा फिरला आणि नाक्यावर सापडला. ठाण्यात आला तेव्हा बाळ उपरण्याने त्याच्या पोटाशी बांधलेले होते. गाढ झोपेत.

"एकदाही मागं पाहिलं नाहीस?"

"लेकरू उठंल म्हणून मान बी हलवली न्हाई, साहेब. गरम होतंय म्हणून टोपडं काढून तिच्याकडं देलं. मधात कपड्यांची बॅग होती, ती पाठीला टेकेल. मला वाटलं, तीच हाय. बोललो तर जवाब न्हाई. म्हनलं, फुगली असंल."

महिला शिपायाने विचारले, "आणि हेल्मेट?"

"एकच हाय, बाई. कोपरात अडकवेल होतं."

"कोपराला डोकं असतं का रे?"

तो ओक्साबोक्शी रडला. त्याची बायको महिनाभराने चालत घरी गेली, म्हणून आज हे लिहू शकतो.

त्या दिवशी मी आधी गुन्हेगार शोधला आणि रस्ता नंतर पाहिला. पुढे प्रत्येक नाकाबंदीत कागदपत्रांआधी मागे बसणाऱ्याचे डोके, बसण्याची पद्धत आणि मधली बॅग पाहायची सवय लावून घेतली.

तपास संपताना डायरीत पाच कामे लिहिली होती. चारांपुढे बरोबरची खूण आहे. पाचवे: गतिरोधकावर पांढरे पट्टे. बांधकाम विभागाला तीन पत्रे दिली, मग निवृत्त झालो. मागच्या आठवड्यात तिथून गेलो. उंचवटा आहे. पट्टे नाहीत.