ग्योतोकुच्या फ्लॅटमधलं काडतुसांचं टेबल

खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नेमबाजी सोडा, नाहीतर बंदुकीचा धक्का तरी कमी करा. सोडायचा प्रश्नच नव्हता. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफलीवर माझा हात बसला होता. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आलो, लेक इथल्या शाळेत रुळली, आणि मी शॉटगनचा परवाना काढला. जपानीतून लेखी परीक्षा, पोलिसांची चौकशी, ही बाई कशी आहे म्हणून शेजाऱ्यांकडे विचारपूस, सगळं सोसून. हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायला मी रविवारी चिबाच्या डोंगरातल्या नेमबाजीच्या रेंजवर जायचे.

माझी बंदूक लहान बोअरची, म्हणजे अरुंद नळीची. तिच्यासाठी कमी धक्क्याची, हलकी काडतुसं दुकानात मिळेनात. रेंजवर एक म्हातारे दंतवैद्य यायचे, सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. नजर अधू झाली म्हणून त्यांनी नुकताच स्वतःचा परवाना पोलिसांना परत केला होता. ते म्हणाले, "तुम्ही काडतुसं स्वतःच भरा ना. माझं यंत्र पडूनच आहे."

पुढच्या शनिवारी ते टॅक्सीने यंत्र घेऊन आले. टेबलाला बोल्टने आवळायचा जड लोखंडी सांगाडा, त्याला एक लांब दांडा. दांडा जोर लावून खाली दाबायचा की रिकाम्या काडतुसावर एकेक काम होतं: दारू भरणं, छर्रे भरणं, तोंड बंद करणं. त्यासाठी टेबल मात्र दगडासारखं स्थिर हवं.

ग्योतोकुच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दगडासारखं काहीच नव्हतं. मोकळी होती ती एकच ताटामीची, म्हणजे जाड गवती चटयांची खोली. होम सेंटर म्हणतात त्या घरसामानाच्या दुकानातून जाड फळीचं टेबल मागवलं, नवऱ्याच्या मागे लागून जोडून घेतलं, यंत्र बसवलं आणि दांडा नुसताच दाबून पाहिला. टेबलाचे पाय चटईत रुतले आणि अख्खं टेबल माझ्याकडे झुकलं. खाली प्लायवूड घातलं, तर ते सरकायला लागलं. प्लायवूडखाली रबर घातलं, तर टेबल डुलायला लागलं. भिंतीला एक पट्टी ठोकली असती तर काम झालं असतं, पण भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची सोय नाही.

"हे घर आहे का वर्कशॉप?" नवरा म्हणाला. "ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे विचारतायत, काय ठोकताय म्हणून."

"मग धर ना जरा टेबल!"

त्याने धरलं. मी दांडा दाबला. त्याचं बोट फळी आणि भिंतीच्या मध्ये सापडलं. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. लेक दारातूनच "उरुसाइ!" म्हणून ओरडायची, म्हणजे कटकट बंद करा, आणि कानात हेडफोन घालायची.

आईला फोनवर सांगितलं, तर पुण्याहून वेगळाच स्फोट. "घरात दारू ठेवणार? पोरीसमोर?"

"अगं, ती दारू नव्हे. काडतुसात भरायची."

"मग तर अजूनच वाईट!"

मला हसूसुद्धा आलं नाही.

शेवटी सेन्सेईंनाच बोलावलं. ते गुडघे टेकून खाली बसले, टेबलाच्या पायांत लाकडाचे तुकडे सारून पाहिले, उठले, पुन्हा बसले. दुपारभर आम्ही दोघं घाम गाळत होतो. संध्याकाळी त्यांनी दांडा दाबला, टेबल पुन्हा डुललं, आणि ते अगदी नम्रपणे म्हणाले, "माझ्या घरी जमीन सिमेंटची होती."

तरी मी हट्ट सोडला नाही. टेबल स्वयंपाकघरात नेलं. तिथे जमीन टणक होती. फ्रिज सरकवला, जेवणाचं टेबल ताटामीवर गेलं, आम्ही मांडी घालून जेवायला लागलो. यंत्र हलेना! मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी पोलिस स्टेशनात चौकशीला गेले.

काउंटरमागच्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दारू ठेवायला वेगळी कुलूपबंद पेटी हवी, ती हलणार नाही अशी पक्की बसवायला हवी, आणि घरमालकांची हरकत नको. बंदुकीच्या कपाटाला आमच्या मालकीणबाईंनी कसाबसा होकार दिला होता. आता पुन्हा त्यांच्या दारात जायचं होतं. बोटाला पट्टी बांधलेला नवरा न सांगता माझ्याबरोबर आला, आणि आपल्या ऑफिसातल्या जपानीत माझी बाजू मांडायला लागला. मालकीणबाईंनी चहा दिला. मग मान तिरकी करून म्हणाल्या, "मुझुकाशीइ देसु ने." अवघड आहे हो. इथे अवघड म्हणजे नाही.

"काय अवघड आहे यात?" जिना उतरताना मी मराठीत ओरडले. नवरा म्हणाला, "हळू बोल." त्यावरून रस्त्यातच आमचं भांडण झालं. माझ्या बाजूने बोललेल्या एकमेव माणसाशी मी भांडत होते हे कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

यंत्र सेन्सेईंच्या ओळखीने रेंजवरच्या दुसऱ्या एका गृहस्थांकडे गेलं. त्यांचं स्वतःचं घर आहे, शेड आहे. न्यायला आले तेव्हा त्यांनी मला इतक्या वेळा वाकून धन्यवाद दिले की माझा संताप आणखीच वाढला. मी आता दुकानातलीच, जास्त धक्क्याची काडतुसं वापरते, पण पूर्वीच्या निम्मीच, आणि परतीच्या गाडीत खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसते. जेवणाचं टेबल जागेवर आलं आहे. होम सेंटरवालं अजून बाल्कनीत उभं आहे. लेक म्हणते, विकून टाक. मी म्हणते, बघू.