साहेबाची पेटी उचलेना तेव्हा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगारेधुपारे आणि देवऋषी यांच्याविरुद्धची पत्रकं मी स्वतः महाडच्या बाजारात वाटली आहेत, त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो... पण डोळ्यांनी पाहिलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमचा महारवाडा. माझे चुलते रावजीनाना जर्मनाशी झालेल्या मोठ्या लढाईत इंग्रजांच्या पलटणीबरोबर आफ्रिकेला गेले होते. परतले ते एक विचित्र खोड घेऊन. आमच्याकडे भारा डोक्यावर घ्यायचा तर दुसऱ्यानं हात लावावा लागतो. वाटेनं जाणारा परकासुद्धा थांबून लावतो. नाना मात्र लावत नसत. कुणाचा भारा उतरवायला धावायचे. उचलून द्यायला — कधीच नाही.

"पल्टनीतला बापय म्हने! हात लावायचा तर कमरंत उसन भरते," शेजारची सखू तोंडावर म्हणायची. नाना मान खाली घालत.

कारण त्यांनी एकदा मलाच सांगितलं. तिकडे सरकार गावं घेरून माणसं धरायचं, त्यांना दोरानं बांधून आणायचं आणि लष्कराची ओझी त्यांच्या डोक्यावर द्यायचं. त्यांतला जुमा नानांचा दोस्त झाला होता. तापानं फणफणलेला जुमा एकदा वाटेत आपल्याच ओझ्यावर, साहेबाच्या पेटीवर बसला.

"हवालदार म्हनला, उठव त्याला. मी उठवला. पेटी माज्याच हातांनी त्याच्या डोक्यावर दिली. चार पावलां चालला रे... आनि पडला तो उठलाच नाय." नाना म्हणाले, "वेठच ती. आपल्यावानीच. तिथं दोर दिसायचा, एवढाच फरक."

गेल्या वैशाखात एका साहेबाचा तंबू वरच्या माळावर पडला. गाडीवाट पायथ्याशीच संपते. गाडीवानानं साहेबाची पत्र्याची पेटी एकट्यानं उतरवून ठेवली आणि पाटलानं वेठीला माझं नाव घेतलं. भर दुपार. सारा वाडा बघत होता. मी म्हणालो, "मजुरी द्या, नाहीतर ओझं उचलणार नाही."

"चार कागद वाचून माजलास काय रे?" पाटील नानांकडे वळला. "रावज्या, दे पेटी पुतण्याच्या डोक्यावर. नाहीतर अख्ख्या वाड्याचं बलुतं बंद!"

बलुतं बंद म्हणजे पावसाळ्यात चुली बंद. दारादारांत पोरं उभी होती. सगळी पत्रकं गिळून मी पेटी डोक्यावर घ्यायला पुढे झालो.

नाना हलले नाहीत. ते पेटीच्या जरा वर पाहत होते — बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे.

"मी नाय देनार."

पाटलाचे दोन गडी पुढे आले. पेटी हलेना. आणखी दोघे आले. कड्या बोटांत रुतल्या, मानेच्या शिरा फुगल्या... पेटी तसूभर सरकली नाही. मग नाना तिच्याजवळ उकिडवे बसले. रिकाम्या हवेत, कुणाच्या गुडघ्यावर ठेवावा तसा त्यांनी हात ठेवला.

"बस जुमा, बस. आता तुला कोन उठवनार नाय."

गडी मागे सरकले. पाटलाचा चेहरा पांढराफटक पडला. तो निघून गेला. बलुत्याची धमकी पुन्हा त्याच्या तोंडून आली नाही.

नाना ऊन कलेपर्यंत तिथेच बसून होते. ते उठल्यावर गाडीवानानं पेटी उचलली — एकट्यानं, उतरवली तशीच — आणि गाडीत घालून परत नेली.

मी पुष्कळ तर्क लढवले. गडी घाबरले म्हणावं, तर जुमाचं नाव निघायच्या आधीच त्यांनी जोर लावला होता. अंग चोरलं म्हणावं, तर एकाच्या बोटातून रक्त आलेलं मी पाहिलं. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. पण पाहिलं ते असं.

दुसऱ्या दिवशी सखू लाकडांचा भारा बांधून कुणाची तरी वाट बघत होती. नाना ओट्यावरून उठले, तिच्यासमोर वाकले, भाऱ्याला दोन्ही हात लावले. पण उचलण्याआधी थांबले.

"झेपंल ना गो तुला? नायतर राहू दे."