शनवारकाकांचा मुळा

शनवारकाका भुताला घाबरत नसत, त्याला नाव विचारत. कोल्डरूमचा पंखा घरघरला तरी आधी "कोण रे तू?" आणि मग पाना. रेवदंड्याचे ज्यू, बोलणं अगदी आपलंच. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. काका मेकॅनिक, तेही शनिवारी पान्याला हात लावत नसत, म्हणून इथे आखातात, रास अल खोरच्या भाजीमार्केटात त्यांचं हेच नाव पडलं.

चहाला बसले की त्यांचं आणि थॉमसचं जुंपायचं. थॉमस केरळचा, पक्का ख्रिश्चन. येशूने भुतं काढल्याच्या गोष्टी बायबलातून सांगायचा. काका म्हणायचे, "अरे, येशू आमच्यातलाच. ही रीत आमच्या लोकांत आधीपासून होती. सुलेमान राजाचं नाव घ्यायचं, अंगठीत एक मूळ बसवून नाकाशी धरायचं, की भूत नाकातून बाहेर. पाण्याचं भांडं जरा दूर ठेवायचं. जाताना भुताने ते उलथवलं की खात्री पटली."

"जीझस को अंगूठी नहीं मंगता, चाचा. एक हुकूम, खलास!"

"म्हणून तर तो मोठा. पण भुताला नाव त्यानेही विचारलंच ना?"

यावर थॉमस चहा प्यायचा.

एकदा मला उचकी लागली ती थांबेचना. मी फोर्कलिफ्ट चालवायचो. उचकीसरशी हात हलायचा आणि वर टोमॅटोचे क्रेट नाचायचे. सुपरवायझर म्हणाला, उद्याही असंच असेल तर चावी दुसऱ्याला. त्या मार्केटात माझ्याइतकी सरळ गाडी लावणारा कोणी नव्हता, आजही नाही. चावी देतो कशाला? कोण आठवण काढतंय म्हणून बायकोचं नाव घेतलं, मुलीचं घेतलं, साडूचंसुद्धा घेतलं. उचकी चालूच.

काका म्हणाले, "नावच शोधतोयस ना? मग आमच्या रीतीने करू. जा, एखादं मूळ आण."

मी आणला तो हातभर लांब, पांढराशुभ्र मुळा.

"मूळ म्हटलं होतं रे, मुळा नाही!"

"तोपण जमिनीखालीच... हुक्... येतो ना?"

मी काही ऐकणार नव्हतो. शेवटी काकांनी अंगठी म्हणून खिशातला वायसर मुळ्याच्या शेपटीत अडकवला, पाण्याची बादली खोलीत जमेल तितकी दूर ठेवली आणि मुळा माझ्या नाकाशी धरून ओरडले, "नाव सांग! यल्ला, बाहेर!" शेपटी नाकात गेली. अशी शिंक आली की मी स्टुलावरून खाली आणि बादली आडवी. उचकी बंद.

"चाचा, ये लात मारा!" थॉमस ओरडला.

मी लाथ मारली नाही. तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो.

चावी माझ्याकडेच राहिली. पुढे गुडघे बोलायला लागले तसे काका रेवदंड्याला परतले. निघताना तो वायसर माझ्या हातात ठेवला. "हा तेवढा कोल्डरूमच्या पंख्याला लाव. याच्यावाचूनच घरघरतोय तो."

परवा पुन्हा उचकी लागली. या वेळी घरातल्या कोणाचं नाव घेतलं नाही, सरळ रेवदंड्याला फोन लावला.

"काका, माझी आठवण... हुक्... काढलीत ना?"

"छे रे! मुळ्याची भाजी खात होतो."

उचकी तिथेच थांबली. म्हणजे काढलीच.